गव्हाणीतल्या काड्यांची तपासणी

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नोंदी ठेवतो. प्रकरण वाढणार अशी लक्षणं आहेत, आणि उद्या कोणी विचारलं तर तारखेसकट सांगता आलं पाहिजे. बत्तीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटी तपासली. जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही, असं आमच्या खात्यात मानायचे. डायरी तीन वर्षांपूर्वीची आहे, एका बेअरिंगवाल्याने निवृत्तीला दिलेली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितो. तळाशी रोज एक सुविचार छापलाय, त्यावर चष्म्याची केस ठेवतो.

प्रकरण असं. माझी सून ऋचा हिने माझ्या नातीला, पूर्वीला, सिस्टरांच्या शाळेतल्या 'एनरिचमेंट प्रोग्रॅम'मध्ये घातलं. बालवाडी बाराला सुटते, पुढे अडीचपर्यंत हा प्रोग्रॅम. मला विचारलं नाही. "बाबांना विचारलं असतं तर तपासणी संपेपर्यंत पूर्वीची दहावी झाली असती," असं ती सलिलला म्हणाली, आणि मी ते ऐकलं. तेव्हापासून, म्हणजे भाऊबिजेपासून, मी तिच्याशी बोलत नाही. निरोप पूर्वीमार्फत जातात. व्यवस्था उत्तम चालली आहे.

पूर्वीला विचारलं, आज काय शिकवलं?

"पाण्याची वाटी न सांडता न्यायची."

कुठून कुठे?

"या टेबलावरून त्या टेबलावर."

मग?

"मग परत आणायची."

याला एनरिचमेंट म्हणतात. समोरच्या विंगमधला पोरगा याच वयात अबॅकसवर तीन आकडी बेरजा करतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज जेवताना पूर्वीने सगळ्यांचे हात थांबवले. सिस्टरांनी शिकवलंय म्हणे, घास घेण्याआधी थँक्यू म्हणायचं. मी लगेच सावध झालो. येशूबिशूचं नाव येतंय का ते कान देऊन ऐकलं. तर ही म्हणते, "शेतकऱ्याला थँक्यू, गॅसवाल्या दादाला थँक्यू, आईने पोळ्या केल्या म्हणून आईला थँक्यू. आता बाबा म्हणा."

सलिल म्हणाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पोळीकडे बघून "थँक्यू" म्हणालो. पूर्वी म्हणाली, "पोळीला नाही, आईला." मी म्हणालो, पोळीत आई आलीच. ऋचा पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हसत होती बहुतेक. मला काय त्याचं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सलिल माझ्या खोलीत येऊन दार लोटून बसला. तो असं करतो तेव्हा बातमी चांगली नसते.

ऋचाला चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्टची इन्चार्ज करताहेत. बढती मोठी आहे. पण शिफ्ट दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. सलिल येतो साडेसातला. मधल्या वेळात पूर्वीला शाळेतून आणायचं, खायला घालायचं, सांभाळायचं कोणी? पाळणाघर सहाला बंद होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग मोशीला घर बघितलंय. ऋचाची मावशी शेजारच्याच सोसायटीत आहे. पंचवीस तारखेला, डिसेंबरच्या, हो-नाही सांगायचंय."

"आणि मी?"

"तुम्ही इथे. तुमचं सगळं इथेच आहे ना, बाबा."

माझं सगळं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली, आता पूर्वी गेली की या घरात मी आणि फ्रीज एवढेच आवाज करणारे उरू.

"मी काय मेलोय का? मी आणीन की तिला," असं म्हणणार होतो. पण सलिल म्हणाला, "ऋचा म्हणते, जो माणूस माझ्याशी बोलत नाही त्याच्या भरवशावर मुलगी टाकून रात्रीपर्यंत कशी जाऊ? ताप आला तर मला फोन तरी करतील का?"

मी म्हणालो, "या घरात मला विचारायची पद्धत नाही, तेव्हा माझं मतही नाही." उत्तर चोख होतं. सलिल उठून गेला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोशीला जायचं खापर त्या प्रोग्रॅमवर फोडता येईल का, असा विचार करतोय. सुरुवात तिथूनच झाली. तिथे काही गैरप्रकार सापडला तर पूर्वीचं नाव काढावं लागेल, ऋचाला चूक मान्य करावी लागेल, मग मी बोलेन, मग मोशी रद्द. सरळ हिशोब आहे.

शाळेच्या गेटवर पाटी होती: प्रोग्रॅमसाठी मदतीला आजी-आजोबा हवेत. आत गेलो. प्रोग्रॅमच्या प्रमुख सिस्टर रोझलीन. मला वाटलं होतं गोव्याच्या किंवा केरळच्या असतील, इंग्रजीत बोलतील, मीही दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. बाई निघाल्या श्रीरामपूरकडच्या. वर्गात छापील मराठी आणि वर्गाबाहेर थेट गावची.

"काय येतं तुम्हाला, आजोबा?"

"तपासणी."

"बरं. कात्री येती का?"

मला कात्री दिली. हेरगिरी सुरू झाली आहे, आणि सुटल्यावर पूर्वीला घरी आणायचंही आता माझ्याकडे.

आज त्यांनी मौनाचा खेळ घेतला. घंटी वाजली की सगळ्यांनी इतकं गप्प बसायचं की घंटीचा आवाज विरेपर्यंत ऐकू यावा. पोरं श्वास रोखून बसली. मीही बसलो. संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आजोबांना किती छान जमलं!"

पूर्वी म्हणाली, "त्यांना येतंच. ते आईशी दिवाळीपासून खेळतायत."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या कामाला लागल्या. मी पुठ्ठा कापत राहिलो. दोन वेळा वाकडा कापला.

१ डिसेंबर, सोमवार

नाताळची तयारी सुरू. वर्गात एक लाकडी गव्हाण आणून ठेवली, गाईगुरांची असते तशी, पण वीतभर. रिकामी. शेजारी भाताच्या पेंढ्याच्या काड्या, ज्या कापायचं काम माझ्याकडे.

सिस्टरांनी पोरांना सांगितलं, बाळ येशू गोठ्यात जन्मला, त्याला टोचू नये म्हणून आपण मऊ अंथरूण करायचं. कोणासाठी एखादं चांगलं काम केलं की एक काडी आत ठेवायची. अट एकच, काम गुपचूप करायचं. ज्याच्यासाठी केलं त्याला कळता कामा नये, आणि काडी ठेवतानाही सांगायचं नाही.

मी हात वर केला. "मग काम झालं की नाही हे तपासतं कोण?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही? मुलं खोटी काडी ठेवतील."

"ठेवू द्या."

बत्तीस वर्षांत मी अशी पद्धत पाहिली नाही. माल बनवणाराच म्हणतो माल चांगला आहे, आणि आपण तो गाडीत भरायचा! दोन हजार वर्षं जुना धर्म यांचा, आमचा त्याहून जुना, पण दोघांच्याही लक्षात क्वालिटी खातं आलं नाही.

घरीही अशीच गव्हाण ठेवा असा निरोप होता. पूर्वीने बुटाचं खोकं टीव्हीच्या कपाटावर ठेवलं, शेजारी शाळेतून आणलेल्या काड्यांची जुडी. घरातल्या सगळ्यांनी भाग घ्यायचा आहे. मी घेणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार

स्कूटर आज एका किकमध्ये सुरू झाली. गेले चार महिने दहा-बारा किका मारतोय. मी रविवारी चोक साफ केला होता त्याचा परिणाम. अजून हातात कसब आहे.

बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप संपली असं वाटलं होतं, पण डबीत नवीन निघाली. मीच आणून विसरलो असणार.

५ डिसेंबर, शुक्रवार

सिस्टर दोन दिवस नगरला मीटिंगला गेल्या. वर्ग एका तरुण टीचरकडे आणि, प्रत्यक्षात, माझ्याकडे. मी पद्धत सुधारून टाकली.

माझ्या ट्रंकेत कंपनीचा जुना रबरी शिक्का आहे, 'तपासले – पास'. तो नेला. ज्याला काडी ठेवायची त्याने माझ्या टेबलाशी यायचं, काम सांगायचं, साक्षीदार आणायचा. पटलं तर हातावर शिक्का आणि मग काडी. पोरं वेडी झाली. हातावर शिक्का म्हणजे काय अप्रूप! झिशानने घरी आईची चप्पल सरळ ठेवली, साक्षीदार लहान बहीण. पास. स्वरूपाने पपांना पाणी दिलं, पपांनी फोनवर साक्ष दिली. पास.

शेवटी ज्याचे शिक्के जास्त त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. एका दुपारी गव्हाण निम्मी भरली. गेल्या चार दिवसांत तळ झाकला नव्हता.

९ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहितो. लिहायचं ठरलंय, तेव्हा सगळंच लिहितो.

सकाळपासून टेबलासमोर रांग. स्वरूपाचे वडील दिग्विजय यांनी गावाकडून पेंढ्याची अख्खी पेंडी आणवली, "काड्या कमी पडायला नकोत, माझी मुलगी मागे राहायला नको." झिशान आईला सांगून वस्तू खाली पाडून घेतो आणि उचलून देतो असं त्याची आई फरीदाच सांगत होती. म्हणाली, "अंकल, काल माझा कुकर खाली पडता पडता वाचला." आणि एका पोराने दुसऱ्याला ढकलून पाडलं, मग हात देऊन उठवलं, मग माझ्याकडे येऊन दोन काड्या मागायला लागला. एक उठवण्याची आणि एक सॉरी म्हटल्याची. पडलेल्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो साक्षीदार म्हणून रांगेत उभा होता.

तेवढ्यात सिस्टर आल्या. गव्हाण भरून ओसंडलेली. त्यांनी बाळाची मातीची बाहुली वर ठेवली, ती घसरून खाली आली. परत ठेवली, परत घसरली.

"आवो आजोबा," त्या म्हणाल्या, "लेकराला निजायला जागा कुठं ठेवली तुमी?"

मी म्हणालो, उत्पादन वाढलंय. त्या हसल्या नाहीत. ओठ फुटलेल्याला पुसून घेतलं, आणि सगळ्या पोरांसमोर गव्हाण उलटी केली. सगळा पेंढा खाली. "आता पुन्यांदा. ज्यानं सांगितलं, त्याची काडी गळाली."

शिक्का त्यांनी माझ्या खिशात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी परत कात्रीवर.

१४ डिसेंबर, रविवार

चष्म्याच्या दांडीचा ढिला स्क्रू आपोआप घट्ट झाला आहे. हवेतला ओलावा कमी झाला की धातू आवळतो बहुतेक. बाल्कनीतली खुर्चीही डुगडुगायची थांबली. डिसेंबर मला मानवतो.

सलिल आणि ऋचा मोशीचं घर परत बघायला गेले होते. पूर्वीला विचारलं, कसं आहे? "मोठं आहे. पण तुमची खुर्ची ठेवायला जागा नाही. मी बघितलं." मग चित्र काढायला लागली. मी बाल्कनीत जाऊन खुर्चीत बसलो.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी खोक्याकडे लक्ष गेलं. चांगलं भरलंय. पाच वर्षांच्या मुलीने इतकी चांगली कामं केली असती तर घर असं पसरलेलं दिसलं नसतं. शाळेतला प्रकार घरात नको म्हणून पूर्वीला समोर उभं केलं.

"या काड्या कशाकशाच्या?"

"सांगायचं नसतं."

"एक तरी सांग."

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे खोट्या." असं म्हणून मी खोकं कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. तपासणी म्हणजे तपासणी, नात असली तरी.

पूर्वी रडली नाही आधी. ऋचाकडे बघत राहिली. ऋचा दारात सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत होती, सात वाजताची कंपनीची बस. तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नाडी पूर्ण न बांधताच निघून गेली. मग पूर्वीने भोकाड पसरलं. "त्या माझ्या नव्हत्याच!"

मग कोणाच्या? सलिलच्या असतील. त्याला लहानपणापासून मार्क वाढवून सांगायची सवय आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

पूर्वी माझ्याशी बोलत नाही. घरात आता दोन मौनं चालू आहेत आणि निरोप न्यायला कोणी उरलं नाही.

दुपारी काळेवाडीला स्कूटर घेऊन गेलो, झिशानचे वडील मीरासाहेब यांच्या गॅरेजवर. ऑइल बदलायचं होतं. सीट उचलताच मीरासाहेब खूश होऊन म्हणाले, "कशी चालते, काका? प्लग नवीन, कार्ब्युरेटर खोललं होतं, बॅटरी पण नवीन टाकली."

"कधी?"

"दोन तारखेला. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. तुमच्या सूनबाई हाफ डे घेऊन आल्या होत्या, माझ्या पोराने ढकलायला मदत केली. म्हणाल्या, काकांना बोलू नका, काडीचा मामला आहे." आणि मग त्यांनी जीभ चावली. "या खुदा. बोललो ना मी. झिशान घरी मारेल मला. त्याची काडी गेली."

मी गॅरेजच्या बाकावर बसलो. बराच वेळ बसलो असेन, कारण चहा आला आणि गारही झाला.

गोळ्यांची स्ट्रिप. चष्म्याचा स्क्रू. खुर्ची. सकाळी थर्मासमध्ये आलं घातलेला चहा असतो, तो सलिल ठेवतो असं मी धरून चाललो होतो. सलिलला आलं कुठे ठेवतात हे माहीत नाही.

सगळा माल खरा होता. मी न बघता कचऱ्यात टाकला. तिच्यासमोर, तिच्या मुलीसमोर. आमच्या खात्यात कोणी असं केलं असतं तर त्याला मी गेटच्या बाहेर काढलं असतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि हे लिहूनही ती कमी होत नाही.

घरी येऊन डबा बघितला. घंटागाडी परवाच येऊन गेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सिस्टरांकडे गेलो. म्हणालो, मला घरी न्यायला थोड्या काड्या द्या, घरचं खोकं रिकामं झालंय.

"कोणी केलं?"

"उंदराने."

"मोठा असंल उंदीर." त्या पेंढा निवडत होत्या, वर बघितलंही नाही. "काड्या देऊन काय व्हनार, आजोबा? त्या काय इकत मिळत्यात? अंथरून ज्याचं त्यानं करायचं."

"आणि ज्याची काडी आपण फेकली त्याला काय सांगायचं?"

"आमी पोरांना काय शिकवतो? जायचं त्याच्यापाशी. काय केलं ते त्वांडानं सांगायचं. मग इचारायचं, आता मी काय करू?"

"एवढंच?"

"पाच वर्साच्या पोराला जमतं."

हेच मला अडचणीचं वाटलं. परत येताना दोन वेळा चुकीच्या गल्लीत वळलो.

२२ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस प्रयत्न करतोय. शनिवारी ती स्वयंपाकघरात होती, मी गेलो, पाणी पिऊन आलो. रविवारी गेलो, पुन्हा पाणी पिऊन आलो. पाणी इतकं झालं की रात्री झोप नाही. वाक्य पाठ केलंय पण दारात गेलं की 'ऋ' सुद्धा फुटत नाही. दोन महिने न वापरलेलं मशीन पहिल्या दिवशी असंच अडतं.

सलिलने मोशीच्या मालकाला फोन केला, गुरुवारी येतो म्हणाला.

शाळेच्या गव्हाणीत या वेळी काड्या थोड्या आहेत. कोणी कधी ठेवल्या, कळलं नाही. आज बाहुली ठेवली, नीट झोपली.

२४ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी ऋचा दारात बसली आणि तिने शूज हातात घेऊन उलटसुलट बघितले. "माझे सेफ्टी शूज कोणी पुसले? नाड्याही नवीन?" सलिल म्हणाला मी नाही. पूर्वी म्हणाली मी नाही. मी पेपर वाचत होतो.

पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "ऋचा."

वर्गात घंटी वाजल्यावर होतं तसं घर गप्प झालं.

"त्या दिवशी मी तुझ्या काड्या फेकल्या. न बघता फेकल्या. शाळेबद्दलही न बघताच बोललो. आता मी काय करू, सांग."

ती नवीन नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला वाटलं संपलं सगळं. मी घाईघाईने पुढे म्हणालो, "तू सेकंड शिफ्टला हो म्हण. पूर्वीला मी आणतो, मी जेवायला घालतो, ताप आला तर थर्मामीटर लावायच्या आधी तुला फोन करतो. महिनाभर तिला आणतोच आहे, एकदाही उशीर नाही. आणि तो चष्म्याचा स्क्रू तू उलटा बसवलायस."

"उलटा नाही, बाबा," ऋचा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज भांडायचा होता. "तो तसाच असतो."

"मी बत्तीस वर्षं स्क्रू बघितलेत."

"आणि मी रोज चार हजार बघते."

बस चुकली. स्कूटरवर निगडीच्या चौकापर्यंत सोडलं, तिथून दुसरी मिळाली. पूर्ण रस्ताभर स्क्रूवर वाद घातला. दोन महिन्यांचं साचलेलं होतं, सगळं बाहेर आलं, मजा आली. उतरताना म्हणाली, "सलिलला मोशीवाल्यांना फोन करायला सांगा. उद्या येत नाही म्हणून." निरोप मी स्वतः दिला.

संध्याकाळी पूर्वीला विचारलं, आता तू माझ्याशी बोलतेस का? म्हणाली, हो. मी म्हणालो, मग मला एक काडी मिळेल का?

"आईशी बोललात त्याची? नाही. मी ऐकलं ना सगळं."

बरोबर आहे. रिजेक्ट.

पण आत्ता झोपायच्या आधी खोक्यात बघितलं, तर एक काडी आहे. ती मी सकाळी सगळे उठायच्या आधी ठेवली होती. कशाबद्दल ते इथे लिहिणार नाही.